निळीच्या मेंढ्या, गेरूच्या मेंढ्या

डोंगरातलं खेडं मी कोळून प्यायलो आहे! उन्हाळ्याची सुट्टी लागली की लहानपणी माझा मुक्काम मावशीच्या गावी. तिथली वाट न् वाट मला पाठ आहे, आणि मेंढ्या तर मला पाहून कान टवकारतात. निदान असं मी लोकांना सांगत आलो आहे. लोक म्हणजे कचेरीतले सहकारी. त्यांच्यापैकी कुणी कधी मेंढी जवळून पाहिलेली नसल्यामुळे माझ्या ज्ञानाला आजवर धक्का लागलेला नव्हता.

मग आमच्याकडे पाहुणी आली.

पाहुणी म्हणजे परदेशातून इथल्या कॉलेजात एका सत्रासाठी शिकायला आलेली मुलगी. कॉलेजवाले अशा मुलांना कुणाच्या तरी घरी राहायला ठेवतात. आमचा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, त्याची खोली रिकामी, आणि बायकोला घरात बोलायला कुणीतरी हवं होतं. मी बोलतो; पण तिच्या मते ते बोलणं नसून भाषण असतं. पाहुणी आमची भाषा पुस्तकातून शिकून आली होती. "काका, मला आणखी थोडी भाजी मिळू शकेल काय?" असं ती विचारायची तेव्हा ताटावर नव्हे, टेबलावर अर्ज आल्यासारखं वाटायचं.

तर या पाहुणीला अभ्यासासाठी एक शनिवार-रविवार डोंगरातल्या खेड्यात काढायचा होता. तिथल्या एखाद्या खऱ्या कामात स्वतः भाग घ्यायचा, त्याचं चित्रण करायचं आणि वर्गात दाखवायचं. मी लगेच मावशीचं नाव सुचवलं. बायको म्हणाली, छान, बस थेट जाते, जाऊ दे तिला, मावशी सगळं बघतील. मी हसलो. दुभाष्याशिवाय खेडं कळतं होय?

"तिला भाषा येते," बायको म्हणाली.

"भाषा येते, खेडं येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की बसमध्ये ते मी पाहुणीलाही ऐकवलं. तिने मान डोलावली. वळणावळणाच्या घाटात ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिला खिडकीबाहेर काय आहे ते सांगत होतो.

मावशी फाटकातच उभी होती. तिने पाहुणीला जवळ घेतलं, मला म्हणाली, "बरं झालं आलास. अरे, काल काय झालं माहितेय?"

"मावशी, आधी हिला घर दाखवतो," मी म्हणालो, आणि मावशीला तिचंच घर दाखवत आत गेलो.

चहा घेताना ती पुन्हा म्हणाली, काल एकदाचं आमचं ते काम झालं बघ. मी तेवढ्यात पाहुणीला चूल कशी पेटवतात ते समजावत होतो. मावशीकडे गॅस आहे. पण विषय निघाला होता.

मावशीला जे सांगायचं होतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कीव कुणाची करायची ते तुम्हाला ठरवता येईल. मावशीचे यजमान गेले तेव्हापासून मेंढ्यांचा कळप तिचा आणि तिच्या दिराचा मिळून होता. मिळून म्हणजे राखायच्या मावशीने आणि ठरवायचं दिराने. कधी कातरायच्या, कोणती विकायची, कोणत्या उतारावर न्यायच्या, सगळं दीर परस्पर उरकायचा आणि मग येऊन सांगायचा, "वहिनी, झालं बरं का ते." माणूस वाईट नव्हे. गोड बोलतो, नमस्कार चुकवत नाही. फक्त दुसऱ्याच्या वाटणीचं आयुष्यही तोच जगतो. मावशी कितीतरी वर्षं म्हणत होती, माझ्या मला वेगळ्या द्या. दीर म्हणायचा, देऊ की, घाई काय आहे?

शेवटी गावातल्या चार वडीलधाऱ्यांना बसवून आदल्या दिवशी वाटणी झाली. दिवस मावळेपर्यंत घासाघीस चालली होती. ही तुझी, ही माझी, ही लंगडते म्हणून तिच्यासोबत ती दुभती. जिच्यावर एकमत होईल तिच्या पाठीवर लगेच रंग. मावशीच्या मेंढ्यांना नीळ, दिराच्या मेंढ्यांना गेरू. पक्का रंग बाजाराच्या दिवशी आणायचा होता. मावशीच्या नव्या कुंपणाला फाटक बसायचं राहिलं होतं, ते सुतार शनिवारी बसवणार होता. तोवर सगळ्या मेंढ्या जुन्याच कुंपणात, एकमेकींच्या अंगावर रेलून, पण आयुष्यात पहिल्यांदा दोन मालकांच्या!

हे सगळं ऐकायला मला चहाच्या एका कपाएवढा वेळ लागला असता.

चहा झाल्यावर मावशी सुताराकडे गेली. फाटकाची फळी तिला स्वतः निवडायची होती. जाताना म्हणाली, दुपारी बसून नीट सांगते, तोवर पोरीला आराम करू दे. पण पाहुणीला आराम नको होता, काम हवं होतं. आणि कुंपणात तीसेक मेंढ्या उभ्या होत्या. मळलेल्या.

"मेंढ्या धुणं," मी म्हणालो. "कातरणीच्या आधी मेंढ्या धुवाव्या लागतात. अगदी पारंपरिक काम. मी लहानपणी हेच करायचो."

लहानपणी मी गड्यांना मेंढ्या धुताना पाहिलं होतं. एकदा. कुंपणाच्या भिंतीवर बसून, शेंगदाणे खात.

पाहुणीने फोन भिंतीवरच्या खाचेत उभा ठेवला, कुंपणाचं दार आणि शेजारच्या ओहोळाचं पाणी दोन्ही दिसेल असा, आणि चित्रण सुरू केलं. मग ती पहिल्याच मेंढीजवळ थबकली. तिच्या पाठीवर हाताएवढा निळा पट्टा होता. शेजारचीच्या पाठीवर तांबडा. पाहुणीने वाकून पाहिलं, बाकीच्यांकडे पाहिलं आणि तिच्या त्या पुस्तकी भाषेत विचारलं, "काका, या काही खुणा असाव्यात काय?"

आता पाहा. इतकं सरळ विचारलं होतं तिने. शहाण्या माणसाने "थांब, मावशीला विचारू" म्हटलं असतं. पण एका सत्रापुरती आलेली मुलगी मला माझ्या मावशीच्या मेंढ्यांबद्दल शंका विचारणार, आणि मी मला माहीत नाही म्हणणार?

"छे," मी म्हणालो. "गंज आहे. कुंपणाच्या तारेचा."

"आणि निळा?"

"तोही गंजच. तांब्याला हिरवा येतो की नाही? तसा निळाही येतो."

तिने तेही मान डोलावून ऐकलं. परदेशातल्या शाळांमध्ये मोठ्यांवर विश्वास ठेवायला जरा जास्तच शिकवतात.

मावशीच्या मोरीतली धुण्याची पावडर मी अख्खीच्या अख्खी आणली. पाहुणीने स्वतःच्या शाम्पूची बाटली दिली. एकेक मेंढी ओढायची, ओहोळाच्या डबक्यात उभी करायची आणि पाठ घासायची. पाठच, पोटाकडे जायला मेंढ्यांची परवानगी नव्हती. पहिलीने मला पाण्यात बसवलं. दुसरीने झोपवलं. तिसरीनंतर मी आत राहूनच धुवायचं ठरवलं, म्हणजे येण्याजाण्याचा त्रास वाचला. पाहुणीचा हात मात्र झपाट्याने बसला. ती मेंढीच्या हनुवटीखाली हात घालायची, कानात काहीतरी पुटपुटायची, आणि मेंढी गरीब गायीसारखी चालू लागायची. मी तिला सूचना देत होतो. मोठ्याने, कारण कानात पाणी गेल्यामुळे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

ओहोळाचं पाणी आधी निळं झालं, मग तांबडं आणि शेवटी वांग्याच्या रंगाचं. आणि मेंढ्या! काय निघाल्या म्हणता! गेरू वाहून गेला आणि त्या निळीने तर सगळ्यांनाच असं सफाईदार पांढरं केलं, की इस्त्री करून घडी घालायचीच काय ती बाकी होती. ओळीने उन्हात उभ्या होत्या, तीसच्या तीस, एकीसारखी एक. मी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. इतकं समाधान मला कचेरीत पदोन्नती मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

समोरून मावशी येत होती. खांद्यावर फळी. तिच्यामागे सुतार, आणि सुतारामागे, फळी कुठली निवडली ते बघायला, दीर.

मावशी कुंपणाजवळ आली. मेंढ्यांकडे पाहिलं. मग तिने फळी हळूच खाली ठेवली, काचेची असल्यासारखी.

"रंग कुठे गेला?" तिने विचारलं.

त्या एका प्रश्नात मला सगळं कळलं. काल काय झालं होतं ते, कोणतं काम एकदाचं झालं होतं ते, आणि निळा गंज जगात कुठेच नसतो तेही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अंगावर तेवढं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं, ते तुम्हाला सांगायची मला लाज वाटते. पण तुम्ही इथवर आलात.

"मावशी, पोरीला हौस होती," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. हौस तिला होती. वाक्याचा उरलेला भाग मी तोंडातच ठेवला.

आणि लोक किती चांगले असावेत? सुतार म्हणाला, जाऊ द्या, परमुलखातलं लेकरू, तिला काय कळणार. दीर म्हणाला, कुणी रागावू नका हं तिला. मावशीने पदराने पाहुणीचे ओले केस पुसले आणि म्हणाली, थंडी वाजेल बाळा, कपडे बदल. एका मिनिटात तिला सगळ्यांनी माफ करून टाकलं, तिने न केलेल्या गोष्टीसाठी.

पाहुणीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मघाशी निळ्या पट्ट्याकडे बघत होती ना, तसंच. ही काही खूण असावी काय, अशा नजरेने.

मी मेंढ्यांकडे बघू लागलो.

चार वडीलधारे पुन्हा जमले. त्यांचा पुढारी गिरणीवाला. गावाचं दळण आणि गावाची भांडणं, दोन्ही त्याच्याच जात्यातून जायची. तो म्हणाला, त्यात काय एवढं, कालचीच गोष्ट आहे, दोघांनी आपापल्या ओळखून घ्या. कल्पना चांगली होती. फक्त दिराला आपल्या म्हणून ज्या आठवल्या त्या सगळ्या धष्टपुष्ट निघाल्या. मावशी म्हणाली, ही काळ्या कानाची माझी. दीर म्हणाला, वहिनी, काळ्या कानाच्या तीन आहेत. वडीलधाऱ्यांपैकी एकाला वाटत होतं दुभती मावशीकडे गेली, दुसऱ्याला वाटत होतं दिराकडे, आणि तिसरा त्या वेळी घरी जेवायला गेला होता. लंगडीला मात्र कुणीच ओळख दाखवेना. ती बिचारी मध्ये उभी राहून कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती, शाळेतून न्यायला कुणी न आलेल्या मुलासारखी.

शेवटी दिराने हात जोडले. "वहिनी, आता हे असंच व्हायचं असेल. राहू दे एकत्रच. मी आहे ना बघायला."

गिरणीवाल्याने मान हलवली. पुन्हा अख्खा दिवस बसायची कुणाची तयारी नव्हती.  मावशी ओट्याच्या दगडावर बसली आणि सुताराला म्हणाली, फळी परत घेऊन जा.

इतकी वर्षं मावशीला मी कधी अशी बसलेली पाहिली नव्हती. मला वाटलं, आता बोलावं. खरं काय ते सांगावं. त्याने मेंढ्या परत निळ्या होणार नव्हत्या, पण निदान. आणि मी तोंड उघडणार, इतक्यात पाहुणी म्हणाली, "क्षमा करा. माझ्याकडे व्हिडिओ आहे. आरंभापासून. धुण्यापूर्वी प्रत्येक मेंढी दारातून येते, तिची पाठ दिसते."

मावशी उठून उभी राहिली. वडीलधारे उठले. सुताराने फळी पुन्हा खाली ठेवली.

आणि मी, मंडळी, मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, कशाला उगाच, एवढ्या छोट्या पडद्यावर काय दिसणार. मग म्हणालो, बॅटरी संपली असेल. मग म्हणालो, मुलीचा खासगी फोन आहे, असा चारचौघांत बघणं बरं दिसत नाही. दिरानेही हे माझं म्हणणं उचलून धरलं. आम्हा दोघांचं एकमत होताना पाहून मावशीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"लाव गं पोरी," ती म्हणाली.

फोन अंगणात मधोमध ठेवला. सगळे भोवती वाकले. आवाज नीट येईना, म्हणून गिरणीवाल्याने डोकं चालवलं आणि फोन एका पितळी पातेल्यात तिरका उभा केला. गिरणीत बसून बसून त्याला ऐकू कमी येतं. पातेल्याने आपलं काम चोख केलं. साऱ्या अंगणात, समोरच्या उतारावरच्या घरांपर्यंत, माझा आवाज घुमला:

"छे. गंज आहे. कुंपणाच्या तारेचा."

मग पाहुणीचा बारीक आवाज, "आणि निळा?" आणि मग तांब्याचं ते सगळं शास्त्र. त्यानंतर बराच वेळ पाण्याचे आवाज, आणि अधूनमधून मी: "घास! जोरात घास! तो निळा राहिला बघ! एकही पट्टा दिसता कामा नये!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुतार बोटाने फळीचा गुळगुळीतपणा तपासत होता. ज्या वडीलधाऱ्याने मला लहानपणी खांद्यावर घेऊन ओहोळ ओलांडला होता, तो आकाशाकडे बघत होता. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो, आणि पातेल्यातला मी भलताच जिवंत होता.

मावशीने पदर सावरला. "फोन पातेल्यातून काढा," ती गिरणीवाल्याला म्हणाली. "मेंढ्या बघायच्यात. ऐकायच्या नाहीत."

माझ्यावर आजवर कुणी केलेले उपकार एका पारड्यात घाला आणि हे वाक्य दुसऱ्यात.

दुपारभर ते चित्रण चाललं. पाहुणी थांबवायची, मावशी मेंढीचा कान, डाग, शिंगाचा बाक बघायची, वडीलधारे खऱ्या मेंढीशी ताडून पाहायचे, आणि ठरलं की लगेच रंग. या खेपेला सुताराने त्याच्याकडचा दारांना लावायचा ऑइलपेंट दिला. निळा मावशीचा, तपकिरी दिराचा. ब्रश पाहुणीच्या हातात. मीही पुढे झालो, मावशीला म्हणालो, मावशी, माझं चुकलं, ते पोरीचं काही नव्हतं, मीच. मावशी म्हणाली, कळलं ते. फाटक धर. सुताराला दोन हात कमी पडतायत.

मी फाटक धरलं. सुतार बिजागऱ्या ठोकत होता आणि मावशीच्या मेंढ्या माझ्यासमोरून एकेक करून तिच्या कुंपणात जात होत्या. एकीनेही कान टवकारले नाहीत.

सगळ्या मात्र गेल्या नाहीत, आणि हे माझ्या मनातून जात नाही. चित्रणात काही मेंढ्या दारातून येताना नेमका मी मध्ये उभा होतो. सूचना देताना मला कॅमेऱ्यासमोर राहायची सवय आहे. माझ्या पोटाआड गेलेल्या त्या मेंढ्यांचा पट्टा कुणालाच दिसेना. त्यांतली काळ्या कानाची एक होती. आपली म्हणून मावशीने मघापासून दाखवली होती, तीच. दीर म्हणाला, या माझ्याच असाव्यात. मावशीने क्षणभर त्या काळ्या कानाच्या मेंढीकडे पाहिलं आणि म्हणाली, घ्या भावजी. पण फाटक आज लागू दे.

रविवारी आम्ही निघालो. मावशीने पाहुणीला पुन्हा यायचं वचन द्यायला लावलं. कातरणीला ये, म्हणाली, तुझा हात चांगला आहे. मला म्हणाली, जपून जा. बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर मी पाहुणीची माफी मागितली. बराच वेळ जुळवलेली वाक्यं होती, पण पहिल्यापुढे एकही आठवलं नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "काका, माझे वडीलसुद्धा असेच आहेत." ती दिलासा देत होती की निदान करत होती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

थांब्यावर आम्हाला पोचवायला गावातून कुणी येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण एकजण आला. लगबगीने. त्याने माझी पिशवी आग्रहाने हातातून घेतली, बस आल्यावर मला खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि खिडकीतून माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन प्रेमाने दाबला. दीर! साऱ्या गावात माझ्यावर खूश असलेला एकमेव माणूस.

"पाहुणे," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात शेताची वाटणी आहे. तुम्ही जरूर या."